नेलपॉलिशची रेघ

आमच्या गाडीतून पांढरा धूर येतो, ही गोष्ट मला सगळ्यांत शेवटी कळली. चालवणाऱ्याचं तोंड पुढे असतं आणि धूर मागून निघतो, एवढंच त्यामागचं कारण. पण आमच्या बिल्डिंगमध्ये साधी कारणं कोणाला पटत नाहीत. तळमजल्यावरच्या सेक्रेटरींच्या मते मला ते कधीचंच माहीत होतं आणि मी ते दाबून ठेवलं होतं. धूर दाबून ठेवण्याची कला मला येत असती तर मी शाळेत भूगोल कशाला शिकवत बसलो असतो, असं मी त्यांना विचारणार होतो. पण ते खोकत होते, आणि खोकणाऱ्या माणसाशी वाद घालायचा नाही असं माझं एक तत्त्व आहे.

गाडी कागदोपत्री माझी असली तरी खरी सासऱ्यांची. त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि "सांभाळा" म्हणाले. मुलगी देताना एवढंही म्हणाले नव्हते. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात आणि कशाबद्दल म्हणून तक्रार करत नाहीत. माणसाने कधीतरी तक्रार करावी, म्हणजे आपल्यालाही एखादी करता येते. पण ते नाव काढत नाहीत. फक्त रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्याच्या कडेला बसतात आणि माझा चहा कधी संपतो त्याची वाट बघतात.

कारण रविवारी त्यांच्या थोरल्या बहिणीकडे जायचं असतं. या आत्याबाई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकट्या राहतात. त्यांना आता दिसत नाही म्हटलं तरी चालेल. दाराची बेल वाजली तर त्या जागच्या हलत नाहीत, कारण बेल फक्त विकणारे आणि भामटे वाजवतात असं त्यांचं ठाम मत आहे. त्या दार उघडतात ते आमच्या गाडीच्या हॉर्नला. हा हॉर्न आधी खाकरतो आणि मग वाजतो, त्यामुळे तो दुसऱ्या कुठल्या गाडीचा वाटणं शक्य नाही. सासरे स्वतः हात लांब करून तो वाजवतात, दोन छोटे आणि एक लांब. मग आत्याबाई भिंतीला धरून पायरीवर येतात आणि म्हणतात, "आलास धाकट्या?" धाकट्याने पंच्याहत्तरी कधीच ओलांडली आहे. पुढचे दोन तास दोघं लहानपणच्या भांडणांतली राहिलेली भांडणं पुरी करतात. एकदा मला त्या म्हणाल्या होत्या, "ज्या रविवारी हॉर्न वाजणार नाही ना, त्या रविवारी मी समजेन, धाकट्याचं येणं संपलं." हे हसत म्हणाल्या, पण मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

तर धूर. पहिल्या दिवशीच सल्लागार मंडळ जमलं. वरच्या मजल्यावर एक काका राहतात, ज्यांनी उभा जन्म कारखान्यातल्या बॉयलरवर काढला. त्यांनी सांगितलं की काळा धूर वाईट, निळा त्याहून वाईट, पांढरा मात्र उत्तम. पांढरा धूर निघण्यासाठी त्यांचे साहेब तरसायचे. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना हे मान्य नव्हतं. त्यांनी फोनवर वाचलं होतं की धुराला गोडसर वास येत असेल तर मामला गंभीर असतो. मग वास घेण्याचा कार्यक्रम झाला. मी गाडी चालू करून बसलो आणि मंडळी एकेक करून मागे वाकून वास घेऊन आली. काकांना काहीच आला नाही, कारण त्यांचं नाक बॉयलरवरच गेलं होतं. डॉक्टरीणबाईंना लवंगेच्या तेलाचा आला, आणि तो त्यांच्याच बोटांचा होता. सेक्रेटरींना कुजल्याचा वास आला. माझ्या बायकोला मात्र गॅसवर ठेवलेलं दूध करपल्याचा वास आला आणि ती धावत वर गेली. तेवढं एकच निदान त्या दिवशी बरोबर निघालं.

मी विचार केला, उंटावरच्या शहाण्यांना विचारण्यापेक्षा सरळ सरकारमान्य यंत्राला विचारावं. म्हणून गाडी धूर तपासणी केंद्रावर नेली. तिथल्या माणसाने नळी लावली, बटण दाबलं आणि तो धुरात दिसेनासा झाला. थोड्या वेळाने आतून हात आला आणि त्या हातात उत्तीर्ण झाल्याचा कागद होता. मी म्हटलं, अहो, हा एवढा पांढरा धूर? तो म्हणाला की यंत्र विषारी वायू मोजतं, रंग मोजत नाही, आणि रंगासाठी रकानाच नाही. मी म्हटलं, पण तुम्ही मला दिसत नाही आहात. तो म्हणाला, त्यालाही रकाना नाही. गाडी बिल्डिंगमधल्या सगळ्या गाड्यांपेक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली होती. आयुष्यभर मी मुलांचे पेपर तपासले, पण इतक्या उदार परीक्षकाची गाठ पडली नव्हती.

शेवटी मिस्त्रीकडे गेलो, जिथे खरं म्हणजे आधीच जायला हवं होतं. मिस्त्री ओठात स्क्रू धरून बोलतो, त्यामुळे कमी बोलतो. त्याचं म्हणणं असं: थंडीत सकाळी थोडी वाफ निघते, ती निघू द्यावी. पण इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमध्ये एक पातळ पत्रा असतो, त्याला गॅस्केट म्हणतात. ते फाटलं तर इंजिन थंड ठेवणारं पाणी आत शिरतं आणि त्याची वाफ होऊन मागून निघते. तसं असेल तर इंजिन पूर्ण उघडावं लागेल, आणि या वयात उघडायचं की गाडी काढूनच टाकायची ते तुम्ही ठरवा. दोन्हींतलं कुठलं, हे कळायला सोपा उपाय होता. बॉनेटखाली पाण्याची अर्धपारदर्शक टाकी असते. त्याने तीत हिरवं पाणी भरलं आणि सांगितलं, इथे खूण करा, आठवडाभर हात लावू नका. पातळी खाली गेली तर गॅस्केट, नाही गेली तर थंडी.

बाष्पीभवन हा सातवीचा धडा मी इतकी वर्षं शिकवतोय. प्रयोग म्हटला की माझ्या अंगात येतं. मी बायकोची लाल नेलपॉलिश घेतली आणि टाकीवर सुरेख रेघ मारली. इथपर्यंत सगळं शहाणपणाने चाललं होतं.

पण त्याच संध्याकाळी सेक्रेटरींनी सभा बोलावली. विषय होता, नादुरुस्त वाहनांनी पार्किंगची जागा अडवणे. असं वाहन बिल्डिंगमध्ये एकच होतं आणि ते कोणाचं हे सांगायची गरज नव्हती. सेक्रेटरींचा मुलगा नवी गाडी घेणार होता आणि ती ठेवायला जागा नव्हती, हीसुद्धा सांगायची गरज नसलेली गोष्ट होती. ते बराच वेळ फुप्फुसांवर बोलले. मग म्हणाले की मास्तरांना मुलांच्या वह्यांतल्या चुका दिसतात, स्वतःच्या गाडीतून निघणारा धूर दिसत नाही. सगळे हसले. बॉयलरवाले काकाही हसले, ज्यांना मी आपला समजत होतो.

माझं डोकं फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी उभा राहून म्हणालो, "टाकीवर मी रेघ मारली आहे. पुढच्या रविवारी सकाळी सगळ्यांनी खाली या. पाणी रेघेच्या खाली गेलेलं असेल तर मी स्वतः गाडी विकून टाकीन आणि जागा मोकळी करीन."

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर माझं लक्ष सासऱ्यांकडे गेलं. ते मागच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी फक्त विचारलं, "रविवारी मोजणार ते जायच्या आधी की आल्यावर?" मी म्हटलं, आधी. ते बरं म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. घरी आल्यावर बायको माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. आमच्याकडे ती गोष्ट भांडणापेक्षा वाईट समजली जाते.

आता प्रयोग सुरू झाला आणि टाकीने मला वेड लावायचंच बाकी ठेवलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर बघतो तर पाणी रेघेच्या वर. वर. मी चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाली, संध्याकाळी पुन्हा वर. मी भरती-ओहोटीपासून हवेच्या दाबापर्यंत सगळा अभ्यासक्रम लावून पाहिला. काकांनी सांगितलं की जुनी इंजिनं हवेतलं पाणी ओढून घेतात. मिस्त्रीला फोन केला तर आधी नुसता ठसका ऐकू आला. बहुधा स्क्रू गिळता गिळता वाचला असावा. मग म्हणाला, "साहेब, गाडी पाणी पिते हे ऐकलंय. पाणी देते हे पहिल्यांदाच ऐकतोय."

कुठेतरी पाणी मुरत होतं हे माझ्यासारख्यालाही कळलं. आमच्या गाडीच्या बॉनेटची आतली तार कधीच तुटली आहे. जाळीतून बोट घालून एक कडी खेचली की बॉनेट उघडतं, आणि ही कडी कुठे आहे ते साऱ्या बिल्डिंगला माहीत आहे, कारण ती शोधायला सगळ्यांनीच मदत केली होती. म्हणून शनिवारी सकाळी, शाळेला सुट्टी असताना, मी जुनी चादर घेऊन गाडीच्या मागच्या दोन सीटांमध्ये खाली आडवा झालो. पहारा देण्याच्या कल्पनेत एक दोष होता. बॉनेट वर झालं की पुढची काच पूर्ण झाकली जाते आणि उघडणारा माणूस दिसत नाही. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा बॉनेट वर झालेलं होतं.

दिसलं नाही, पण ऐकू आलं. चपलांचा चुकचुक आवाज आला, जो फक्त सेक्रेटरींच्या चपला करतात. मग फुरर्र, फुरर्र असं काहीतरी ओढून घेतल्याचा आवाज. माणूस झाडांवर औषध मारायच्या पिचकारीने माझ्या टाकीतलं पाणी काढत होता. मी ताडकन उठणार होतो. पण माझा पाय सीटखाली अडकला होता, कमरेत उसण भरली होती, आणि स्वतःच्याच गाडीतून चादर पांघरून बाहेर येणाऱ्या माणसाने दुसऱ्याला जाब कुठल्या तोंडाने विचारायचा, हाही प्रश्न होता. बॉनेट बंद झालं. चपला चुकचुकत गेल्या.

उसण जरा उतरेपर्यंत पडून राहिलो, तोच बॉनेट पुन्हा उघडलं. या वेळी चपला वाजल्या नाहीत. काठी टेकवून ठेवल्याचा आवाज आला आणि मग पाणी ओतल्याचा, अगदी सावकाश, बारीक धारेने. आणि बोलणं. सासरे गाडीशी बोलत होते.

"पी बाई, पी. रोज कमी कशी होतेस गं तू? उद्याचा दिवस तग धर. ताईकडे जाऊन येऊ." थोडा वेळ नुसती धार. "जावईबापूंचं मनावर घेऊ नकोस. माणूस वाईट नाही. मास्तर आहे फक्त."

मी चादरीत तोंड खुपसून पडलो होतो. माझ्याविषयी आजवर बरंच बोललं गेलं आहे, शाळेच्या तपासणीच्या अहवालातसुद्धा, पण इतक्या थोडक्यात आणि इतकं बरोबर कोणी बोललं नव्हतं. मला लाज वाटली. एका सभेतल्या हशापायी मी या माणसाचा रविवार पणाला लावला होता, आणि त्याने मला "असं करू नका" एवढंही म्हटलं नव्हतं. डोळ्यांना नीट दिसत नसताना तो रोज जिना उतरून पाणी घालत होता.

वर जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती ओट्याशी उभी होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "म्हणजे बाबाही घालतात? मला वाटत होतं मी एकटीच घालते." आठवड्यात ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

रविवारी सकाळी सगळी बिल्डिंग खाली जमली. सेक्रेटरी सगळ्यांत पुढे, हसरे. आता कबूल करतो, मंडळी जमायच्या आधी मीही एक तांब्या घेऊन खाली गेलो होतो. मुलांना प्रयोगात लबाडी करू नका म्हणून सांगणारा मी. पण झाकण उघडलं तर टाकी काठोकाठ भरलेली. दोघं माझ्या आधीच येऊन गेले होते. तांब्यातलं पाणी कुंडीत ओतून परत आलो.

सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने बॉनेट उघडलं आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाणी रेघेच्या वर होतं, बरंच वर. हे शक्य नाही, असं ते म्हणाले. का शक्य नाही, असं मी अत्यंत नम्रपणे विचारलं. खरं कारण त्यांच्या पिचकारीत होतं. काकांनी हवेतल्या पाण्याचा सिद्धान्त पुन्हा मांडला आणि या वेळी तो सर्वानुमते मंजूर झाला. मी जाहीर केलं की पाणी खाली गेलेलं नसल्यामुळे गाडी राहील. असा खोटा निष्कर्ष मी जन्मात काढला नव्हता आणि इतकं समाधानही कधी झालं नव्हतं.

मग आम्ही तिघं आत्याबाईंकडे निघालो. पांढऱ्या ढगाने निरोप दिला. अर्ध्या वाटेत इंजिनाच्या उष्णतेचा काटा चढू लागला. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि ती निवेपर्यंत थांबलो. मग सीटखालून पाण्याची बाटली काढली. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी आपल्या पिशवीतून त्यांची बाटली काढली. मागून बायकोने तिची पुढे केली. तिघं आपापली बाटली हातात धरून बसलो होतो आणि कोणाला कोणाकडे बघवत नव्हतं.

मी म्हणालो, "बाबा, गाडी विकायची नाही. उघडायची."

त्यांनी विचारलं, "उघडली की परत मिटते का?"

सोमवारी मिस्त्रीला सगळं सांगितलं. त्याने टाकीत डोकावून बघितलं. म्हणाला, मी हिरवं पाणी घातलं होतं, हे तर पिण्याचं आहे. पण चिडला नाही. गॅस्केट फाटलेलंच होतं. आमच्या घरच्या मायेत इंजिन आणखी थोडे दिवस पोहलं असतं तर कायमचं बसलं असतं. इंजिन उघडलं आणि मग घोडं पेंड खायला लागलं. या वयाच्या गाडीचं गॅस्केट बाजारात मिळेना. मागवलं, ते दुसऱ्याच गाडीचं आलं. परत पाठवलं, तर तेच पुन्हा आलं, या वेळी चांगल्या खोक्यात. बघता बघता रविवार उजाडला आणि आमची गाडी मिस्त्रीच्या फरशीवर सुट्या भागांत मांडलेली.

सासरे इस्त्रीचा शर्ट घालून बसले नाहीत. खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले. मी म्हटलं, टॅक्सीने जाऊ. ते म्हणाले, "बघू." त्यांचं बघू म्हणजे नाही. "ती दार उघडायची नाही. आणि उघडलं तरी काय वाटेल तिला." बस्स, एवढंच.

मी बाहेर पडलो आणि मिस्त्रीकडे गेलो. मला काय हवंय ते त्याला सांगितलं. त्याने ओठातला स्क्रू काढून हातात घेतला, जे मी प्रथमच बघत होतो, आणि कामाला लागला.

तासाभराने आत्याबाईंच्या फाटकासमोर एक टॅक्सी थांबली. पुढे सासरे, इस्त्रीचा शर्ट घालून. मागे मी आणि बायको. माझ्या मांडीवर स्कूटरची जुनी बॅटरी, बॅटरीवर दोन वायरी, आणि वायरींच्या टोकाला एक बटण आणि आमच्या गाडीचा हॉर्न. टॅक्सीवाला सबंध वाटभर आरशातून माझ्याकडेच बघत आला होता. स्वतःचा हॉर्न सोबत घेऊन फिरणारं गिऱ्हाईक त्याला नवीन असावं. बॅटरीतलं पाणी माझ्या पँटवर सांडून तिथे एक भोक पडायला सुरुवात झाली होती, पण तो माझा खाजगी प्रश्न होता.

मी वायरी आणि बटण सासऱ्यांच्या हातात दिलं. त्यांनी बटण दाबलं. हॉर्न खाकरला आणि वाजला. दोन छोटे, एक लांब.

दार उघडलं. आत्याबाई भिंतीला धरून पायरीवर आल्या. "आलास धाकट्या?" असं म्हणून त्या थांबल्या आणि मान कलती करून ऐकत राहिल्या. टॅक्सीवाल्याने, त्याचं भलं होवो, आपणहून इंजिन बंद केलं होतं.

"गाडीचा तो आवाज येत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं खडखडत यायची. आज किती शांत. इंजिन अगदी छान झालंय रे."

त्या वेळी इंजिन शहराच्या दुसऱ्या टोकाला फरशीवर वर्तमानपत्र अंथरून ठेवलेलं होतं.

सासरे सावकाश उतरले. बहिणीचा हात धरून पायरी चढताना एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी मांडीवर हॉर्न घेऊन बसलो होतो.

"जावयाने लक्ष घातलं ना," ते तिला म्हणाले, आणि दोघं भांडायला आत गेले.